ग्लासगोचा कंडक्टर आणि माझी लाल शाई

कादंबरीत काहीच घडत नाही, अशी तक्रार पांढरपेशा वाचक करू लागला की मला त्या कादंबरीविषयी उत्सुकता वाटते. जेम्स केलमन यांची 'द बसकंडक्टर हाइन्स' (१९८४) तशीच. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातला रॉबर्ट हाइन्स, बायको सँड्रा, लहानगा पॉल आणि न्हाणीघर नसलेले एका खोलीचे बिऱ्हाड. आरंभीच मोठ्या पातेल्यात पाणी उकळते आहे, सँड्राच्या अंघोळीसाठी. चाळीत वाढलेल्याला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

हाइन्सचे कामही जाणार आहे. एकाच माणसाने बस चालवायची आणि तिकिटेही फाडायची, ही पद्धत आली आहे. पुढे शिस्तभंगाच्या चौकशीला स्वतःच्या वेळेत हजर राहण्याचा हुकूम निघतो आणि तो अडून बसतो. माझा वेळ माझा, एवढेच त्याचे म्हणणे. घोषणा नाहीत, लाल झेंडा नाही. तरी नकार पुरता आहे.

पण केलमन यांचा खरा विद्रोह निवेदनात आहे. आपल्या ग्रामीण कथेत पात्रे बोलीत बोलतात आणि लेखक प्रमाणभाषेच्या ओट्यावर बसून त्यांची ओळख करून देतो. केलमन हा ओटाच फोडतात. संवादाला अवतरणचिन्हे नाहीत. हाइन्स कुठे संपतो आणि निवेदक कुठे सुरू होतो, हे वेगळे काढता येत नाही. १९९४ साली त्यांच्या 'हाउ लेट इट वॉज, हाउ लेट' या कादंबरीला बुकर पारितोषिक मिळाले, तेव्हा परीक्षक मंडळातल्याच एका बाईंनी जाहीर संताप व्यक्त केला. आपल्या संस्कृतीला आणि भाषेला अस्तित्वाचा हक्क आहे, असे केलमन यांनी स्वीकाराच्या भाषणात ठणकावले. 'गोलपिठा' (१९७२) आला तेव्हा नाके कुणी मुरडली, हे या वाचकांना सांगायला नको.

मात्र साम्य ताणू नये. हाइन्स गरीब आहे, अस्पृश्य नाही. त्याच्या स्पर्शाने कुणाचे पाणी बाटत नाही. शिवाय त्याच्या शहराचे व्यापारी गुलामांच्या मळ्यांतल्या तंबाखू-साखरेवर गबर झाले होते. आणि सँड्रा? ती नोकरी करते, घर सांभाळते, पण निवेदन हाइन्सच्या डोक्याबाहेर पडत नाही. तिच्या मनात काय चालले आहे, हे आपल्याला नवऱ्याच्या तर्कावरूनच कळते. निवेदकाची मक्तेदारी मोडणाऱ्या लेखकाने नवऱ्याची तशीच राहू दिली, हा माझा आक्षेप आहे.

मी मराठी शिकवतो. गेल्या सत्रात एका मुलाने बापाच्या नाक्यावरच्या मजुरीवर निबंध लिहिला. 'व्हता', 'म्हनला'. मी सवयीने लाल शाईने खोडत गेलो. वही परत दिली तेव्हा तो म्हणाला, "सर, माझा बाप असाच बोलतो. त्याला बी दुरुस्त करू का?"

मी वही पुन्हा मागून घेतली. अजून माझ्या टेबलावर आहे. गुण द्यायचे राहिले आहेत.