अनुरक्षण : कायदा आणि व्यायामशाळा

संस्थेतील संगोपन संपल्यावर तरुणास मिळावयाचे साहाय्य म्हणजे अनुरक्षण. २०१५ च्या बालन्याय अधिनियमाने त्याची मर्यादा १८ ते २१ वर्षे ठरविली. परंतु कलम ४६ मध्ये अर्थसाहाय्य ‘द्यावे’ असे नसून ‘देता येईल’ असे आहे. तरतुदीचे दौर्बल्य या क्रियापदातच आहे. शिवाय त्या कलमात पैशाचा विचार आहे, माणसांचा नाही.

ही उणीव अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथे स्पष्ट दिसते. तेथील दिव्यांग अनाथांच्या बालगृहाचे शंकरबाबा पापळकर (पद्मश्री, २०२४) यांनी मुलांना आपले नाव दिले आणि अठराव्या वर्षानंतरही त्यांना तेथेच राहू द्यावे, असा कायदा मागितला. परावलंबन वाढदिवसाने संपत नाही, हा त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. तथापि जो बाहेर पडू शकतो त्यास आजन्म निवारा नव्हे, बाहेरची माणसे हवीत.

या दृष्टीने त्या बालगृहाचे नावच अर्थपूर्ण ठरते. ते ज्यांच्या नावे आहे त्या अंबादासपंत वैद्यांनी १९१४ मध्ये बंधू अनंतरावांसह अमरावतीस हनुमान व्यायामशाळेचा पाया घातला. तालमीत वय वाढले म्हणून कोणी परका होत नाही. जुना गडी नव्यास शिकवितो. बालगृहातील मुलाचा तिच्याशी संबंध सोळाव्या वर्षीच जडला, तर अठराव्या वर्षी त्याचे घर सुटेल, सोबत सुटणार नाही.

मात्र तालीम छप्पर देत नाही, वेतनही देत नाही. तिच्याकडे बोट दाखवून शासनास आपले ‘देता येईल’ सैल ठेवता येणार नाही.