वटवाघळांचा अर्धवट हिशेब

लिची आणि आंब्याच्या बागायतदारांच्या तक्रारींवरून मॉरिशस सरकारने 2015 मध्ये तेथील मोठी फळाहारी वटवाघळे गोळ्या घालून मारण्यास सुरुवात केली. युक्तिवाद साधा होता : वटवाघळे फळे खातात, ती कमी झाली की उत्पन्न वाढेल. आपल्याकडेही हे बोलणे नेहमी कानावर येते. म्हणून ते वर्गात तपासून पाहावे, असे आम्हाला वाटते.

यातली पहिली उणीव मोजमापाची. झाडाखालचे प्रत्येक उष्टे फळ वटवाघळाच्या खात्यावर मांडले जाते. पक्षी, माकडे, उंदीर आणि वारा यांचा वाटा वेगळा काढला जात नाही. मॉरिशसमध्ये 2015 आणि 2016 मध्ये हजारो वटवाघळे मारली गेली, पण त्यामुळे उत्पन्न वाढल्याचे दिसले नाही. ही जात मात्र 2018 मध्ये जागतिक यादीत ‘संकटग्रस्त’ ठरली.

दुसरी उणीव अधिक गंभीर. या हिशेबात जमेची बाजूच नाही. वटवाघूळ फळाचा रस शोषून चोथा थुंकते. वड-उंबरासारख्या फळांतील बारीक बिया त्याच्या पोटातून जाऊन विष्ठेबरोबर दूरवर पडतात. मोठ्या बीचे फळ ते तोंडात धरून दुसऱ्या झाडावर नेते आणि बी तेथे टाकते. मॉरिशसमधील डोडो आणि महाकाय कासवे केव्हाच नष्ट झाली. त्यामुळे तेथील मूळ जंगलातील मोठ्या बिया वाहून नेणारे फारच थोडे प्राणी उरले आहेत; वटवाघूळ त्यांपैकी एक.

अर्थात, ‘जंगलाचा माळी’ ही पदवीही आम्ही डोळे झाकून देणार नाही. अनेक बिया वसतिस्थानाखालीच पडून वाया जातात. बागायतदाराचे नुकसानही खरे असते. त्यावर जाळी लावणे आणि छाटणी करून झाडे बुटकी ठेवणे हे उपाय आहेत.

भारताच्या 1972 च्या वन्यजीव कायद्यात बहुतेक फळाहारी वटवाघळे उंदरांबरोबर ‘उपद्रवी’ यादीत होती. 2022 च्या दुरुस्तीने ती यादीच रद्द झाली. पण कायद्यातून शब्द गेला, तरी मनातून तो आपोआप जात नाही.

गावात वटवाघळांचा वड असेल, तर विद्यार्थ्यांना दुरूनच निरीक्षण करू द्यावे. उष्टी फळे खाऊ नयेत, चोथा हाताळू नये. खाली कोणत्या बिया पडल्या आहेत आणि त्यांची झाडे गावात कोठे आहेत, एवढे जरी त्यांनी नोंदवले, तरी हिशेबाची दुसरी बाजू भरू लागेल.