अनुदान, अधिकार आणि यशोगाथा : लोकाधारित पर्यावरण प्रकल्पांविषयीच्या मराठी लेखनाची चिकित्सा

सारांश

महाराष्ट्रातील लोकाधारित पर्यावरण प्रकल्पांविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. त्यातील बराचसा भाग 'यशोगाथा' या साच्यात बसणारा आहे. या साच्यात अनुदानाचा पैसा एक तर अदृश्य राहतो किंवा यशाचे कारण म्हणून पुढे केला जातो. गावाकडे निर्णयाचा अधिकार आधी आला की पैसा आधी आला, हा क्रम मात्र हरवतो. प्रस्तुत लेखात मुख्यतः विदर्भातील उदाहरणांच्या आधारे या क्रमाचे महत्त्व तपासले आहे.

बीजशब्द : अनुदान, ग्रामसभा, सामूहिक वनहक्क, यशोगाथा, श्रमदान

प्रस्तावना

'लोकसहभाग' हा शब्द गेल्या तीन-चार दशकांत शासकीय परिपत्रकांपासून वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांपर्यंत सर्वत्र रुळला. पाणलोट विकास, संयुक्त वनव्यवस्थापन, तलावांचे पुनरुज्जीवन अशा प्रत्येक योजनेच्या उद्दिष्टांत तो आढळतो. परंतु कोणत्याही संज्ञेचा अर्थ तिच्या व्याख्येपेक्षा तिच्या वापरातून अधिक स्पष्ट होतो. सहभाग घ्यायचा तो कोणाच्या कामात? काम ठरवणारा कोण? पैशाचा हिशेब कोणी कोणाला द्यायचा? या प्रश्नांची उत्तरे योजनांच्या कागदपत्रांत जशी शोधावी लागतात, तशीच त्या योजनांविषयीच्या लेखनातही शोधावी लागतात. कारण धोरण आखणारा, अनुदान देणारा आणि अभ्यासक्रमात 'पर्यावरण' शिकवणारा अध्यापक हे तिघेही गावांविषयीचे आपले आकलन बहुधा अशा लेखनातूनच घडवीत असतात. म्हणून या लेखनाची चिकित्सा ही केवळ वाङ्मयीन बाब राहत नाही.

१. यशोगाथेची घडण

मराठी यशोगाथेचा साचा साधारणपणे ठरलेला आहे. आरंभी उजाड माळ, टँकरचे पाणी, दारूच्या भट्ट्या आणि स्थलांतर; मग एका निःस्वार्थी व्यक्तीचे आगमन; त्यानंतर श्रमदान, बंधारे, वृक्षलागवड; आणि अखेरीस हिरवे शिवार व पुरस्कार. राळेगणसिद्धी येथे १९७५ नंतर अण्णा हजारे यांनी केलेले काम आणि हिवरे बाजार येथे पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली १९९० नंतर झालेले परिवर्तन ही या साच्याची दोन मूळ उदाहरणे होत. या गावांचे कार्य निःसंशय मोलाचे आहे. प्रश्न त्या कार्याच्या कथनाचा आहे. अण्णा हजारे यांच्या 'माझे गाव माझे तीर्थ' या पुस्तकाचे शीर्षकच पुरेसे बोलके आहे. गाव एकदा तीर्थ झाले की वाचक भाविक होतो, आणि भाविक हिशेब विचारीत नाही.

वास्तविक या दोन्ही गावांत शासकीय निधी मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. राळेगणच्या प्रयोगावरून राज्यशासनाने १९९२ मध्ये आदर्श गाव योजना आखली आणि हिवरे बाजार त्याच योजनेत समाविष्ट झाले. म्हणजे गावाने आधी काही उभे केले, त्यानंतर योजना झाली आणि तिच्यातून पुढील गावांसाठी अनुदान आले. यशोगाथा हा क्रम एका भावनिक प्रवाहात विरघळवून टाकते. परिणामी वाचणाऱ्या अधिकाऱ्याला दोनच गोष्टी उचलता येतात : एक तर नेता, नाही तर कामांची यादी. नेता शासन निर्णयाने निर्माण करता येत नाही. कामांची यादी मात्र करता येते. म्हणून योजनांमधून याद्या येतात.

२. मेंढा (लेखा) : क्रमाचा प्रश्न

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गाव या साच्यात सहज बसत नाही. मिलिंद बोकील यांचे 'गोष्ट मेंढा गावाची' हे पुस्तक महत्त्वाचे ठरते ते यामुळेच. त्यात एका नायकाच्या चरित्राऐवजी गावाच्या चर्चेला, अभ्यासगटांना आणि सर्वसहमतीने निर्णय घेण्याच्या रीतीला मध्यवर्ती स्थान मिळाले आहे. देवाजी तोफा आणि 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांची भूमिका मोठी असली तरी कथनाचा कर्ता ग्रामसभा आहे. यशोगाथेच्या परंपरेत हा फरक लहान नाही.

मेंढ्याच्या घटनाक्रमाकडे पाहावे. १९८० च्या दशकात इचमपल्ली व भोपालपट्टणम या प्रस्तावित धरणांविरुद्ध 'जंगल बचाओ, मानव बचाओ' हे आंदोलन झाले. त्या जागृतीतून गावात स्वशासनाचा विचार रुजला; गावात आपणच सरकार, ही भूमिका घोषित झाली. अभ्यासगट, दारूबंदी, स्त्रियांसह सर्वांच्या संमतीने निर्णय, कागद कारखान्यासाठी होणाऱ्या बांबूतोडीला विरोध हे सर्व नंतरच्या काळात आकाराला आले. वनहक्क कायदा २००६ मध्ये संमत झाला आणि २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही बांबूच्या वाहतुकीचा परवाना वन विभागाकडेच होता. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवाना पुस्तिका ग्रामसभेच्या हाती आली आणि त्यानंतरच बांबूविक्रीचे उत्पन्न ग्रामसभेच्या खात्यात येऊ शकले.

या क्रमात संघटन आधी आहे, अधिकार त्यानंतर आणि पैसा सर्वांत शेवटी आहे. शिवाय तो पैसा प्रामुख्याने अनुदानाचा नसून गावाच्या स्वतःच्या संसाधनाचा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगाव या गावाचे उदाहरण याच दिशेने जाते. २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यावर या ग्रामसभेने बांबूविक्रीतून रोजगार उभा केला. परंतु तेंदूपाने गोळा करताना झाडांची छाटणी होते व जंगलाला आगी लावल्या जातात, म्हणून ते उत्पन्न स्वतःहून सोडले. कोणत्याही अनुदानाच्या प्रस्तावात असा निर्णय 'फलनिष्पत्ती' म्हणून नोंदवता येत नाही, कारण त्यात काही बांधलेले नाही, काही लावलेले नाही. पर्यावरणाच्या दृष्टीने मात्र तोच सर्वांत मोठा निर्णय आहे.

३. अनुदानाची मोजपट्टी

अनुदान हे नेहमी मोजपट्टीसह येते. अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका, उपयोगिता प्रमाणपत्र ही त्याची भाषा आहे. सार्वजनिक पैशाचा हिशेब असलाच पाहिजे, याविषयी दुमत नाही. आक्षेप आहे तो मोजले काय जाते याला. खड्डे, रोपे, घनमीटर आणि रनिंग मीटर मोजले जातात. ग्रामसभेच्या बैठका, अभ्यास, वादविवाद आणि त्यांत खर्ची पडलेल्या गावकऱ्यांच्या रात्री यांना लेखाशीर्ष नसते. ज्यातून समूह घडतो ते अनुदानपात्र नाही. जे समूह नसतानाही कंत्राटदाराकडून करून घेता येते ते अनुदानपात्र आहे.

संयुक्त वनव्यवस्थापनाचा इतिहास याची साक्ष देतो. केंद्राच्या जून १९९० च्या परिपत्रकानंतर राज्याने मार्च १९९२ मध्ये शासन निर्णय काढला. गावोगावी समित्या झाल्या, परंतु जमिनीवरील हक्क विभागाकडेच राहिला आणि समितीच्या कारभाराचे सूत्रही वन कर्मचाऱ्याच्या हाती होते. निधी होता तोवर समिती होती. अधिकाराविना आलेला पैसा माणसांना मजूर बनवतो, व्यवस्थापक बनवत नाही.

भंडारा-गोंदिया भागातील माजी मालगुजारी तलावांचा अनुभव निराळ्या अंगाने हेच सांगतो. कोहळी समाजाच्या कौशल्यातून घडलेले हे तलाव १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपल्यावर शासनाकडे गेले आणि त्यांची निगा राखणारी स्थानिक व्यवस्था खिळखिळी झाली. पुढे दुरुस्ती म्हटली की गाळ काढणे, असे समीकरण झाले, कारण गाळ घनमीटरमध्ये मोजता येतो. तलाव म्हणजे केवळ पाण्याचे भांडे नव्हे; काठच्या व पाण्यातील वनस्पती, स्थानिक मासे आणि पाणपक्षी मिळून तो सजीव राहतो, हे ज्ञान ढिवर मच्छीमारांकडे आहे. मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भागात स्थानिक जलवनस्पतींची पुन्हा लागवड करून जे काम केले, त्याचा पाया हे ज्ञान होय. यंत्राने सरसकट खरवडलेल्या तलावात नेमके तेच नष्ट होते. मोजपट्टी चुकली की प्रामाणिकपणे खर्च झालेला पैसाही हानी करू शकतो.

आंतरराष्ट्रीय निधीची स्थिती फार वेगळी नाही. जागतिक पर्यावरण सुविधेचा लघु अनुदान कार्यक्रम १९९२ मध्ये थेट स्थानिक गटांपर्यंत पोहोचण्यासाठीच सुरू झाला. तथापि प्रस्तावाची भाषा, नोंदणी आणि अहवाल सांभाळू शकणारी संस्था मध्ये लागतेच. परकीय अंशदान कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीने तर एका संस्थेने मिळालेला परकीय निधी दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करण्यास मनाई केली. त्यामुळे मोठ्या संस्थेमार्फत लहान गटापर्यंत येणारी वाट बंद झाली. ज्याच्या नावाने निधी मागितला जातो तो समूह आणि ज्याच्या खात्यात तो जमा होतो ती संस्था यांतील अंतर हा या क्षेत्राचा मूलभूत पेच आहे.

४. श्रमदान कोणाचे, लाभ कोणाचा?

येथे एक प्रतिवाद विचारात घ्यावा लागेल. अनुदानाने परावलंबन येते, म्हणून गावाने स्वबळावर श्रमदान करावे, असे अनेक लेखक सुचवतात. ही भूमिका आकर्षक आहे, पण निरपवाद नाही. पाणलोटाच्या कामाने विहिरींना पाणी वाढते. विहीर मात्र जमीनधारकाची असते. भूमिहीन मजुराने दिलेला दिवस आणि बागायतदाराने दिलेला दिवस यांची किंमत सारखी नसते. मुकुल शर्मा यांनी राळेगणच्या नैतिक शिस्तीची केलेली चिकित्सा या संदर्भात वाचनीय आहे. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी यांचा भार शेळीवर जगणाऱ्या कुटुंबावर प्रथम पडतो. यशोगाथेत हे कुटुंब क्वचितच बोलते.

म्हणून अनुदान नको, हा निष्कर्ष चुकीचा ठरेल. प्रश्न अनुदानाच्या रचनेचा आहे. विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात पुरंदर तालुक्यात नायगाव येथून सुरू केलेल्या पाणी पंचायतीने या प्रश्नाचे उत्तर कधीच दिले होते. तेथे पाण्याचा वाटा जमिनीच्या क्षेत्रावर न ठरता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरला, भूमिहीनांनाही वाटा मिळाला आणि उसासारख्या पिकाला बंदी झाली. उपसा योजनेच्या भांडवलासाठी शासनाचे अनुदान, लाभार्थ्यांचा स्वतःचा हिस्सा आणि संस्थेचे बिनव्याजी कर्ज असा मेळ घातला गेला. वाटपाचा नियम आधी ठरला आणि पैसा त्या नियमाच्या चौकटीत आला. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातही पूर्ण निधीपूर्वी गावाने श्रमदानातून तयारी दाखवणे आणि लहान क्षेत्रावर काम शिकून घेणे अपेक्षित होते. क्रमाची जाणीव तेथेही दिसते. परंतु लाभाच्या वाटपाचा प्रश्न पाणी पंचायतीइतक्या थेटपणे त्यात आलेला नाही.

अनुसूचित क्षेत्रात आदिवासी उपयोजनेच्या निधीतील ५ टक्के रक्कम थेट देण्याचा राज्यशासनाचा २०१५ चा निर्णय या दृष्टीने लक्षणीय आहे. खर्चाचे विषय शासनाने ठरवले असले तरी कामाची निवड ग्रामसभेकडे सोपवण्याचे तत्त्व त्यात आहे. मात्र एका ग्रामपंचायतीत अनेक गावे व पाडे असताना निधी नेमक्या कोणत्या ग्रामसभेचा, हा प्रश्न उरतोच. मेंढ्याने २०१३ मध्ये ग्रामदानाचा मार्ग स्वीकारला, त्यामागे आपल्या गावाचा कारभार आपल्याच ग्रामसभेकडे असावा हा आग्रह होता, हे येथे ध्यानात घ्यावे.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष हाती येतात. पहिला असा की, लोकाधारित पर्यावरण प्रकल्पात अनुदानाची रक्कम किती, यापेक्षा ते कोणत्या टप्प्यावर आले हे अधिक निर्णायक असते. संसाधनावरील अधिकार आणि लाभाच्या वाटपाचा नियम हे दोन्ही निधीच्या आधी सिद्ध असावे लागतात. दुसरा, अनुदानाच्या अंदाजपत्रकात ग्रामसभेच्या अभ्यासाला आणि बैठकांना स्वतंत्र स्थान हवे, आणि न केलेल्या कामालाही, म्हणजे राखलेल्या जंगलाला व सोडलेल्या उत्पन्नालाही, मोल हवे. तिसरा निष्कर्ष आपल्या लेखनाविषयी आहे. यशोगाथेने मराठी वाचकाला आशा दिली, हे तिचे ऋण मान्य करूनही आता तिच्यापुढे जाणे आवश्यक आहे. गावाविषयी लिहिताना ग्रामसभेचे इतिवृत्त, ग्रामकोषाची वही आणि मजुरीचे हजेरीपत्रक हे दस्तऐवज साहित्यकृतीइतक्याच काळजीने वाचले पाहिजेत.

राज्याच्या वन विभागाचे मुख्यालय नागपुरात आहे आणि सामूहिक वनहक्क मिळालेली अनेक गावे येथून एका दिवसाच्या प्रवासात गाठता येतात. या परिसरातील महाविद्यालयांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून वृक्षारोपणाची छायाचित्रे आणण्यापेक्षा अशा एखाद्या ग्रामसभेच्या संमतीने तिच्या हिशेबाच्या व निर्णयांच्या नोंदी सलग काही वर्षे समजून घेतल्या, तर अनुदानाविषयीची चर्चा अनुमानांवरून पुराव्यांवर येईल. त्या नोंदींवर पहिला हक्क अर्थातच त्या ग्रामसभेचा राहील.