मिठाला जागणे : झॉम्बीपटाचे एक विस्मरण

ऑक्टोबरच्या अखेरीस ‘हॅलोविन’च्या निमित्ताने भयपट पाहण्याची पाश्चात्त्य प्रथा आता आपल्याकडेही, मुख्यतः मोबाइलच्या पडद्यावरून, रुजू लागली आहे. याच दिवसांत पाथर्डी तालुक्यातील तिसगावच्या रस्त्यावर एक वेगळाच हंगाम सुरू झालेला असतो. दसरा-दिवाळीच्या आगेमागे या तालुक्यातील ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार बांधून कारखान्यांकडे निघतात. अशाच एका संध्याकाळी, तिसगावात, आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘झोंबिवली’ (२०२२) हा चित्रपट पुन्हा पाहताना प्रस्तुत लेखकाला जी अस्वस्थता जाणवली तिचे कारण शोधणे, एवढाच या टिपणाचा हेतू आहे. झॉम्बी ही प्रतिमा मुळात उसाच्या मळ्यातील मजुराची आहे. तिचा विनोद होत असताना हे मूळ पुसले गेले. ते आठवून देण्याची संधी मराठीइतकी क्वचितच दुसऱ्या एखाद्या भाषेला मिळाली असेल.

हैती ही फ्रेंचांची साखरेची वसाहत होती. तेथे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामाला मृत्यू म्हणजे पूर्वजांच्या भूमीकडे परतणे वाटे. ज्याला मरणानंतरही ही सुटका नाकारली गेली, ज्याला उठवून पुन्हा कामाला जुंपले गेले, तो झॉम्बी. १७९१ साली सुरू झालेला उठाव १८०४च्या स्वातंत्र्यापर्यंत पोहोचला, तरी ही भीती लोकमानसात टिकून राहिली. हैती अमेरिकन ताब्यात असताना विल्यम सीब्रुक या प्रवासी लेखकाने ‘द मॅजिक आयलंड’ (१९२९) या पुस्तकात साखर कंपनीच्या उसात राबणाऱ्या मृतांची कथा सांगितली. या मृतांना मीठ द्यायचे नाही, असा त्या कथेतील दंडक आहे. चुकून खारवलेला खाऊ त्यांच्या तोंडी लागतो, आपण मेलेलो आहोत हे त्यांना उमगते आणि ते आपापल्या थडग्यांकडे चालू लागतात. पुढे ‘व्हाइट झॉम्बी’ (१९३२) या चित्रपटात साखरेच्या घाण्यावर मुकाट राबणारे मृत दिसतात. त्यांतील एक जण यंत्रात पडतो, पण बाकीच्यांचे हात थांबत नाहीत. येथील भय चावणाऱ्याचे नसून न थांबणाऱ्या कामाचे आहे.

जॉर्ज रोमेरोच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’पासून (१९६८) मृताला मालक उरला नाही, केवळ भूक उरली. ‘डॉन ऑफ द डेड’मध्ये (१९७८) ही भूक बाजारसंकुलात शिरली आणि मजुराचा ग्राहक झाला. झॉम्बीपटातील विनोद या ग्राहकावर पोसला गेला आहे. ‘शॉन ऑफ द डेड’च्या (२००४) शेवटी मात्र उरलेल्या मृतांना स्वस्त मजूर म्हणून कामाला लावल्याचे दाखवले आहे. त्या हशात जुने मूळ क्षणभर डोके वर काढते. आपल्याकडचा ‘गो गोवा गॉन’ (२०१३) ही खूणही ठेवत नाही. तेथे अमली पदार्थाच्या नशेतून झॉम्बी जन्मतात.

‘झोंबिवली’ची जात निराळी आहे. डोंबिवली या नावावरील श्लेष केवळ शाब्दिक नाही. इमारतीतला अभियंता आणि झोपडवस्तीतला कार्यकर्ता यांना एकत्र आणणारा दुवा दूषित पाण्याचा आहे, म्हणजे संकटाला वर्गीय कारण आहे. हे मराठी चित्रपटाचे खरे धाडस होय. तथापि एकदा चावाचावी सुरू झाली की मृतांची गर्दी केवळ अडथळा बनते. काल ही माणसे कोणते काम करीत होती, हा प्रश्न पटकथेला पडत नाही. मराठीत ‘झोंबी’ या शब्दाला झटापटीचा अर्थ आहे. शेतात राबता राबता शिक्षणासाठी झगडणाऱ्या मुलाच्या आत्मकथेला आनंद यादवांनी हेच नाव दिले (१९८७). परका शब्द आपल्या शब्दाच्या इतका जवळ येऊनही त्याच्यामागचे कष्ट चित्रपटात उमटत नाहीत.

मराठी भुतांशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होते. सरपोतदारांनीच पुढे पडद्यावर आणलेला ‘मुंज्या’ (२०२४) इच्छा अपुरी राहिल्याने अडकलेला असतो. त्याला नाव असते, झाड असते, त्याच्याशी बोलणी करता येतात. झॉम्बीची इच्छा अपुरी नसते, ती काढून घेतलेली असते. म्हणून त्याला विचारायचा प्रश्न ‘तुला काय हवे?’ हा नसून ‘तुला कोणी उठवले?’ हा आहे.

तिसगावात हा प्रश्न टाळता येत नाही. ज्या तालुक्याला पाण्याची वानवा, तेथील माणसे पाणी असलेल्या मुलखातील ऊस तोडावयास जातात. जोडप्याला ‘एक कोयता’ म्हणून मोजले जाते. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत त्यांचे श्रम आधीच विकलेले असतात. येथे एक आक्षेप संभवतो : जिवंत माणसांना मृतांची उपमा देणे हा त्यांचा अवमान नव्हे काय? आक्षेप रास्त आहे. या माणसांनी संप केले आहेत, दरवाढ मिळवली आहे. ती मुकी नाहीत. साम्य माणसांत नसून त्यांना बांधणाऱ्या व्यवहारात आहे.

हा व्यवहार मराठीच्या एका वाक्प्रचारात नेमका साठवलेला आहे. हैतीच्या कथेत मीठ चाखलेला मृत जागा होतो आणि मालकाला सोडून जातो. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागायचे असते, म्हणजे मालकाला सोडायचे नसते. तेच मीठ आणि तेच जागणे, पण दिशा उलटी. उचल हे असे आगाऊ खाऊ घातलेले मीठ आहे. मराठी झॉम्बीपट ज्या दिवशी हा विरोध ओळखील त्या दिवशी त्याचा विनोद परका राहणार नाही. तोवर, तिसगावावरून जाणारा हा महामार्ग जेथून निघतो त्या कल्याणच्या शेजारीच डोंबिवली आहे, हा केवळ भूगोलाचा योगायोग राहील.