घरातला कॅमेरा : आनंद पटवर्धन यांचा ‘वसुधैव कुटुम्बकम्’

थोरामोठ्यांच्या घरी जन्म घेणे हे भाग्य म्हणावे की ओझे, हा प्रश्न जुना आहे. बापाच्या नावावर जगणारी मुले आपण पाहतो, आणि ते नाव झटकून टाकण्यातच आयुष्य वेचणारीही पाहतो. आनंद पटवर्धन यांचा २०२३ मधील माहितीपट पाहताना आम्हांला तिसरी वाट दिसली. मिळालेल्या वारशाचा हिशेब वडीलधाऱ्यांसमोर बसून, त्यांच्याच तोंडून मांडून घेण्याची ही वाट आहे.

पटवर्धनांचे घराणे अहमदनगरचे. रावसाहेब आणि अच्युतराव पटवर्धन हे त्यांचे काका. अच्युतराव हे १९३४ साली स्थापन झालेल्या काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांपैकी एक आणि १९४२ च्या भूमिगत लढ्याचे नेते. रावसाहेबांचे नाव गांधीविचाराचे निष्ठावंत म्हणून महाराष्ट्रात आजही आदराने घेतले जाते. आई निर्मलाताई मूळच्या सिंधमधील हैदराबादच्या. शांतिनिकेतनात कलेचे शिक्षण घेतलेल्या निर्मलाताईंचे नाव पुढे देशातील अग्रगण्य मृत्तिकाशिल्पकारांत गणले गेले. मातीच्या भांड्यांवरील झिलईचा त्यांचा अभ्यास खोल होता आणि कुंभारकामावरचे त्यांचे पुस्तक अनेक कलावंतांनी हाताशी ठेवले. त्यांचे वडील भाई प्रताप यांनी फाळणीनंतर कच्छमध्ये सिंधी निर्वासितांसाठी गांधीधाम वसविण्यात पुढाकार घेतला. वडील वासुदेवराव, म्हणजे घरचे बाळू, हे मात्र या साऱ्या नामवंतांमध्ये राहूनही प्रसिद्धीच्या वाटेला न गेलेले, मिस्कील गृहस्थ.

अशा घरात १९५० साली आनंद जन्मले. बिहारमधील जयप्रकाशजींच्या आंदोलनापासून त्यांचा कॅमेरा सुरू झाला. आणीबाणीनंतर राजकीय कैद्यांवरचा ‘प्रिझनर्स ऑफ कॉन्शन्स’ १९७८ मध्ये आला, मुंबईच्या झोपडपट्टीवासीयांवरचा ‘हमारा शहर’ १९८५ मध्ये, तर अयोध्येवरचा ‘राम के नाम’ १९९२ मध्ये. ‘जय भीम कॉम्रेड’साठी ते चौदा वर्षे खपले. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी झालेल्या गोळीबारात दहा माणसे मेली, आणि त्या दुःखाने शाहीर विलास घोगरे यांनी आपला प्राण दिला. तेथून त्या चित्रपटाची कथा सुरू होते. यांतील कित्येक चित्रपट दूरदर्शनपर्यंत पोहोचविण्यासाठी त्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली.

या साऱ्या काळात घरीही कॅमेरा चालू होता. आईवडील म्हातारे होत चालले, तसे मुलाने त्यांचे बोलणे टिपून ठेवले. चित्रपट करावा असा बेत त्यामागे नव्हता. म्हणूनच ‘वसुधैव कुटुम्बकम्’मध्ये जे दिसते, त्यात मांडणीचा आव नाही. वडील चेष्टा करतात, आई मुलाचे शब्द खोडून काढते, आणि कॅमेऱ्यामागून येणारा मुलाचा आवाज प्रश्न विचारता विचारता हसू लागतो. ज्याने आयुष्यभर सत्ताधाऱ्यांना अडचणीचे प्रश्न विचारले, त्याला त्याच्याच घरात कुणी मोठा मानत नाही! या चित्रपटाचे मर्म आम्हांला येथे सापडते. इतिहासाच्या पुस्तकातील गांधीजी, जवाहरलाल, १९४२ चा लढा, फाळणी ही नावे येथे घरच्या गप्पांत येतात, आणि म्हणूनच ती खरी वाटतात. फाळणीला विरोध करणारे सिंधचे माजी पंतप्रधान अल्लाबक्ष सूमरो यांचा १९४३ मध्ये खून झाला. त्यांची आठवणही अशाच ओघात निघते. हिंदू-मुसलमानांची एकी हा तेथे भाषणाचा विषय राहत नाही. तो शेजाराचा, मैत्रीचा विषय होतो.

देवळाली कॅम्पात राहणाऱ्या आम्हांला हा चित्रपट परका वाटला नाही, याचे कारण हेच. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची एक छावणी आपल्या या गावातच होती. त्यांतील कित्येक कुटुंबे येथेच स्थिरावली, आणि त्यांची नातवंडे आपल्या मुलांबरोबर शाळेत शिकली. निर्मलाताई सिंधविषयी बोलतात तेव्हा आपल्या बाजारपेठेतील एखाद्या आजीचा चेहरा डोळ्यांपुढे येतो.

मात्र येथेच आमची एक तक्रारही आहे. भाई प्रतापांचे घर धनवंत व्यापाऱ्याचे होते. देश सोडतानाही नाव आणि ओळखी यांची शिदोरी त्या घराजवळ राहिली. छावणीत रेशनच्या रांगेत उभे राहिलेल्यांची फाळणी निराळी होती, आणि तिला कॅमेरा लाभला नाही. झोपडपट्टीत वर्षानुवर्षे हिंडलेल्या या दिग्दर्शकाने आपल्या घराच्या आणि त्या रांगेच्या अंतरावर आणखी थोडे थांबायला हवे होते. मायेने पाहणारा डोळा तेवढा कठोर राहू शकला नाही, असे आम्हांला वाटते. हा दोष लहान नाही. परंतु आईवडिलांवर चित्रपट करणाऱ्या मुलाला तो क्षम्य आहे.

दुसरी गोष्ट अवघड आहे, तरी ती टाळता येत नाही. आपले गाव तोफखान्याचे. आपल्या धर्मग्रामातील अनेक घरांत लष्करी सेवेची परंपरा आहे. पटवर्धनांचा ‘जंग और अमन’ पोखरणच्या १९९८ मधील अणुचाचण्यांविरुद्ध उभा राहिला. त्यावर लादलेली कात्री २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दूर केली. अशा माणसाला देशप्रेम नाही, असे म्हणणे सोपे आहे. नवा चित्रपट पाहिल्यावर ते म्हणणे कठीण जाते. ज्या घराने स्वातंत्र्यासाठी तुरुंगवास सोसला, त्याच घरातून हा प्रश्नकर्ता आला. त्याच्याशी आपले मत जुळो वा न जुळो, त्याचा प्रश्न घरच्या माणसाचा आहे, हे मान्य करावे लागते.

थोर आईवडिलांच्या मुलाने आपल्याला शेवटी जे दिले, ते आपल्यासारख्या साध्या घरांनाही करता येण्याजोगे आहे. आपल्याही घरात कोपऱ्यातल्या खुर्चीत कुणी आजी बसलेली असते. ती कोठून आली, कोणत्या शेजाऱ्याने तिला पहिल्या दिवशी भाकरी दिली, हे आपण अजून विचारलेले नाही. पटवर्धनांनी विचारले, आणि वेळेवर विचारले.