‘एकोज’ : दीर्घ रचनेचा घाट आणि विकासकथेचा मोह

कलावंताच्या वाटचालीचा आलेख काढताना समीक्षा बहुधा उत्तरकालीन यशाच्या प्रकाशात पूर्वीच्या कृती वाचते. पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक वाद्यवृंदाची ‘एकोज’ (१९७१) ही रचना ‘द डार्क साइड ऑफ द मून’ची (१९७३) पूर्वतयारी म्हणून वाचली जाते, ती याच सवयीने. हे वाचन तपासून पाहिले पाहिजे.

१९६८मध्ये सिड बॅरेट बाहेर पडल्यावर गीतकारकेंद्री लघुगीत हा या वृंदाचा आधार उरला नाही. ‘अ‍ॅटम हार्ट मदर’मध्ये (१९७०) दीर्घत्व आले ते पितळी वाद्ये आणि वृंदगान यांच्या साहाय्याने, म्हणजे काहीसे बाहेरून. ‘एकोज’चे दीर्घत्व आतून वाढलेले आहे. ‘नथिंग’ अशा कामचलाऊ नावाखाली मुद्रित केलेले सुटे तुकडे सांधत सुमारे साडेतेवीस मिनिटांची ही रचना सिद्ध झाली आणि तिने ध्वनिमुद्रिकेची एक अखंड बाजू व्यापली. रिचर्ड राइट यांच्या पियानोचा एकच स्वर फिरत्या ध्वनिक्षेपकातून थरथरत येतो. तोच तिचा आरंभ.

मर्ढेकरांनी मांडलेल्या संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांचा येथे कस लागतो. गायन व ठेक्यावरचे दीर्घ वादन यांच्यानंतर ताल पूर्णतः लोपतो. डेव्हिड गिल्मोर यांनी वा-वा पेडल उलटे जोडून गिटारमधून काढलेला पक्ष्यांचा आक्रोश आणि वाऱ्यासारखा घोंघाव तेवढा उरतो. याला विरोधलय म्हणणे कठीण आहे; विरोधालाही समान परिमाण लागते आणि येथे तेच काढून घेतलेले आहे. पुढे पियानोस्वर व गीत परततात, पण मधल्या निस्ताल पोकळीने त्यांचा अर्थ पालटलेला असतो.

गीतात सागरपक्ष्याची प्रतिमा असल्याने हा आक्रोश केवळ चित्रण ठरतो, असा आक्षेप संभवतो. परंतु तो शब्दांपासून इतका दूर आणि इतका प्रदीर्घ आहे की प्रतिमेचा धागा सुटून जातो. १९७३च्या कृतीत घड्याळांचे व नाण्यांचे आवाज काळ व पैसा या विषयांच्या सेवेस लागतात. रॉजर वॉटर्स यांच्या शब्दांना तेथे अग्रस्थान मिळते. त्यातून एकात्मता लाभली, हे निःसंशय. मात्र अर्थाआधीच्या ध्वनीचे स्वातंत्र्य आकुंचित झाले. या स्थित्यंतराला ‘विकास’ म्हणायचे, तर या त्यागाचीही नोंद समीक्षेने घ्यायला हवी.