भागवंतीचे काय चुकले? : ‘हम लोग’चे एक पुनर्वाचन

‘हम लोग’ ही दूरदर्शनवरची मालिका ७ जुलै १९८४ रोजी सुरू झाली आणि १७ डिसेंबर १९८५ रोजी संपली. वर्षानुवर्षे लांबणाऱ्या आजच्या मालिकांच्या मानाने सतरा महिन्यांचे हे आयुष्य अल्पच. भारतातली पहिली दीर्घ कौटुंबिक हिंदी मालिका म्हणून तिची नोंद होते, जुन्या आठवणींच्या लेखांत अशोककुमारांचे ‘छन पकैया’ येते, आणि विषय संपतो. माझ्या मते तो तिथे संपू नये. या मालिकेतल्या एका पात्राचा अर्थ प्रेक्षकांनी लेखकाच्या हेतूच्या नेमका उलट लावला. तसे का झाले, हा या लेखाचा प्रश्न आहे.

मालिकेचा आराखडा मेक्सिकोतून आला. मिगेल साबिदो यांनी तिथे कुटुंबनियोजन, साक्षरता अशा विषयांवर लोकप्रिय मालिका रचल्या होत्या. त्यांची रीत साधी होती. काही पात्रे अनुकरणीय, काही त्याज्य आणि काही या दोहोंच्या मध्ये हेलकावणारी. चांगल्याला फळ मिळते, वाईटाला शिक्षा होते, मधला माणूस हळूहळू बदलतो आणि त्याच्याबरोबर प्रेक्षकही. माहिती व प्रसारण खात्याचे तेव्हाचे सचिव एस. एस. गिल यांनी ही कल्पना उचलून धरली. लेखन मनोहर श्याम जोशी यांच्याकडे आले, दिग्दर्शन पी. कुमार वासुदेव यांच्याकडे. सुरुवातीच्या भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश इतका उघड होता की प्रेक्षक कंटाळले. तेव्हा उपदेश मागे सारून घरातली गोष्ट पुढे आणली गेली, आणि मालिका चालली.

ते घर आपल्या ओळखीचे होते. दारूत बुडालेला बसेसर राम, जुन्या वळणाचे दादा-दादी, नोकरीच्या शोधातला लल्लू, क्रिकेटचे वेड असलेला नन्हे, लग्नाची बडकी, सिनेमाच्या स्वप्नामागे धावणारी मझली, डॉक्टर होऊ पाहणारी छुटकी. या सगळ्यांचे करणारी, सगळ्यांचे सोसणारी आई म्हणजे भागवंती. जयश्री अरोरा यांनी ती उभी केली. आराखड्यानुसार भागवंती हा इशारा होता : स्वतःसाठी कधीच उभी न राहणाऱ्या बाईचे काय होते ते पाहा.

पुढे अरविंद सिंघल व एव्हरेट रॉजर्स यांनी, तसेच विल्यम ब्राऊन व मायकल कोडी यांनी या मालिकेच्या परिणामांचा अभ्यास केला. त्यांना आढळले ते असे, की अनेक प्रेक्षकांनी, त्यातही मोठ्या संख्येने बायकांनी, भागवंतीलाच आदर्श मानले होते. इशारा म्हणून घडवलेले पात्र पूजेला बसले. अभ्यासकांच्या भाषेत हा संदेश ‘चुकीचा’ पोचल्याचा नमुना आहे. इथे माझा मतभेद आहे.

साबिदोंच्या व्याकरणात दुःख म्हणजे शिक्षा. आपल्या कथापरंपरेत दुःख म्हणजे बहुधा कसोटी. सीता, सावित्री, तारामती यांचे हाल हे त्यांच्या चुकीचे फळ नव्हे, त्यांच्या थोरवीचा पुरावा असतो. मराठीत ‘श्यामची आई’ने हा संस्कार घरोघरी नेला; १९९१मध्ये ‘माहेरची साडी’ने त्यावरच गर्दी खेचली. पडद्यावर शिक्षा आणि तपश्चर्या यांचे दृश्य सारखेच दिसते : तीच चूल, तोच पदर, तेच डोळे. भागवंती जितकी जास्त सोसत गेली तितकी ती प्रेक्षकांच्या नजरेत मोठी झाली. दोष प्रेक्षकांच्या समजेचा नव्हता, आयात केलेल्या व्याकरणाचा होता.

त्यात आणखी दोन गोष्टींनी भर घातली. भागाच्या शेवटी बोध सांगायला येत ते सत्तरी ओलांडलेले अशोककुमार. स्त्रीच्या बरोबरीचा विचारही तिने ऐकला तो घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषाच्या प्रेमळ आवाजात. दुसरी गोष्ट प्रायोजकाची. मालिका मॅगी नूडल्सच्या पैशावर उभी होती. भुकेल्या मुलांपुढे झटपट ताटली ठेवणारी हसरी आई जाहिरातीला हवी होती, आणि सोसणारी आई बदलावी असे मालिकेला वाटत होते. दोन्ही आया एकाच अर्ध्या तासात यायच्या.

माझी आई शेजाऱ्यांच्या घरी, दाराशी बसून ही मालिका पाहायची. भागवंती रडली की तिचेही डोळे भरत. घरी परतताना ती म्हणायची, “बाई असावी तर अशी.” त्याच वर्षी ताईची शाळा सुटली. माझी चालू राहिली. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. त्यात काही वावगे आहे असे मला वाटले नाही. पुष्कळ वर्षांनी ते अभ्यास वाचताना ‘भागवंतीला आदर्श मानणाऱ्या स्त्रिया’ या शब्दांपाशी मी थांबलो. त्या आकड्यांत माझी आई होती.

तिचे वाचन चुकीचे होते असे मी म्हणू शकत नाही. आपल्यासारखी बाई गोष्टीच्या मध्यभागी असते हे तिने पहिल्यांदा पाहिले, आणि त्या ओळखीतून तिला बळ मिळाले. पण त्याच ओळखीने ताईच्या वाट्याला जे आले तेही तिला रास्त वाटले. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ‘हम लोग’चे मूल्यमापन करताना त्यांतली एक झाकून दुसरी मांडता येणार नाही.

ताईला मी अलीकडे विचारले, तुला त्यातले कोण आठवते? ती लगेच म्हणाली, “छुटकी.” त्याच दाराशी, आईच्या मागे, तीही बसायची.